माहेरच्या वाटेवर गाळलेली गावे

सुजाता, तुझ्या शेवटच्या मसुद्यात दोनशे त्र्याहत्तर शब्द होते आणि परिषदेला हवे होते अडीचशे. जास्तीचे तेवीस शब्द कोणते काढायचे यावरून आपले फोनवर वाजले, तो सोमवार होता. मी चिडून म्हणाले, उद्या बघू. मंगळवारी दुपारी दवाखान्यातून घरी आलीस, प्रज्ञाकडे पाणी मागितलेस, आणि तुझी ती लेक पेला घेऊन येईपर्यंत तू नव्हतीस. ज्या बाईने उभा जन्म दुसऱ्यांच्या छातीला कान लावला, तिच्या छातीतले कुणाला ऐकू आले नाही, असे लोक हळहळून म्हणतात. मला त्यात अर्थ शोधवत नाही. मला एवढेच कळत होते, की आपले भांडण अर्ध्यावर राहिले आहे आणि श्वसन-आरोग्याच्या परिषदेला प्रस्ताव पाठवण्याची मुदत पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, संध्याकाळी पाचला संपणार आहे.

तुझ्या पुण्यानुमोदनानंतर दोन दिवसांनी प्रज्ञा तुझी हिरव्या पुठ्ठ्याची फाइल घेऊन माझ्याकडे आली. फाइलला स्पिरिटचा वास होता आणि त्याखाली, उशिरा जाणवणारा, गवती चहाचा. "मावशी, आईनं यात तुमच्यासाठी चिठ्ठ्या लावून ठेवल्यात," ती म्हणाली. पिवळ्या चिकट चिठ्ठ्या. तुझे ते ठसठशीत, उजवीकडे न झुकणारे, औषधाच्या बाटलीवर लिहावे तसे अक्षर. मी फाइल मांडीवर घेतली आणि बराच वेळ उघडली नाही.

पंधरा वर्षांपूर्वी मंठ्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला आले, तेव्हा कापसाची वेचणी सुरू होती. हवा कोरडी, तंतूंनी भरलेली. उन्हाच्या तिरिपेत ती पांढरी कुसळे तरंगताना दिसत. तिसऱ्याच आठवड्यात माझ्या छातीत शीळ घुमू लागली. वर्गात मी वृत्ते शिकवत असे, ओळीत यती कुठे येते ते मुलांना हाताने ताल धरून दाखवत असे, आणि माझा स्वतःचा श्वास मात्र यतीची वाट न पाहता भलत्याच अक्षरावर तुटत असे. तशीच एकदा दवाखान्यात पोचले. समोर तू, तिथली सिस्टर. कानामागे खोचलेले पेन, हातात वही. नावही विचारले नाहीस.

"एसटीनं जालन्याला गेल्त्या ना कधी? मंठ्यापासून मधली गावं एका दमात सांगा बरं."

मला वाटले, ही बाई माझी थट्टा करते आहे. तरीही सुरुवात केली, आणि वाटूर फाट्याला माझा आवाज संपला. तू वहीत 'वाटूर' एवढेच लिहिलेस. वाफ देऊन झाल्यावर पुन्हा विचारलेस, तेव्हा मी रामनगरपर्यंत गेले. "चला," तू म्हणालीस, "गाडी बराबर लाइनीला लागली."

ती तुझी पद्धत होती. छातीचा जोर मोजायचे, फुंकर मारायचे नळकांडे दवाखान्यात एकच; गावात नेऊन ठेवायला दुसरे नव्हते. आणि एका दमात आकडे म्हणायला सांगितले, की चुलीपुढे हयात गेलेल्या बायका शाळेत उभ्या केल्यासारख्या मान खाली घालत. पण रस्त्यावरची गावे प्रत्येकीला पाठ. दवाखाना, बाजार, लेकीचे सासर, कोर्टाची तारीख, साऱ्यांसाठी त्याच एसटीने गेलेल्या त्या बाया. म्हणून तू त्यांना मनातल्या मनात एसटीत बसवायचीस आणि दम कुठल्या थांब्यावर उतरतो ते टिपायचीस. बायका हसत हसत सांगू लागत. हसण्यातही दम जातो, हे तुला ठाऊक होते. म्हणून आधी हसू देऊन, पाणी पाजून, मगच मोजायचीस.

माझ्या पर्समधला दम्याचा पंप तूच उजेडात आणलास. मी तो रुमालात गुंडाळून ठेवत असे, स्टाफरूमचे दार लावून ओढत असे. "चष्मा लावती ना सगळ्यांदेखत? मंग हा काय चोरीचा माल हाय का?" तेव्हापासून आपण एकमेकींना अगंतुगं करू लागलो. तू मला 'कवीणबाई' म्हणायचीस, आणि त्यातला 'बाई' असा ताणायचीस, की माझ्या अंगावरची सगळी अलंकारिक भाषा गळून पडावी.

तुझ्याबरोबर गावांत हिंडले ती दुपार अजून नाकात आहे. तू कुठल्याही स्वयंपाकघरात शिरलीस, की आधी बाईकडे पाहायची नाहीस. मान वर करून आढ्याकडे पाहायचीस. पत्र्यावरची काजळी किती जाड, नवी की जुनी, खिडकीकडे वळलेली की जागीच थिजलेली. मग चुलीजवळची पऱ्हाट्यांची, कापसाच्या वाळक्या काड्यांची, मोळी हुंगायचीस. ओल्या काड्या जळताना कडवट, डोळ्यांत उतरणारा धूर होतो, म्हणायचीस. आणि त्यानंतर बाईसमोर उकिडवी बसून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, तिचे ऐकायचीस. मी कवितेत ज्याला निरीक्षण म्हणत आले ते किती आळशी होते, हे मला त्या काळ्या पत्र्यांखाली उभे राहून कळले. हे मी तुला कधी सांगितले नाही. तू 'कवीणबाई' म्हणाली असतीस.

परिषदेचे पत्रक तुझ्या फोनवर आले ते गेल्या वर्षी. मोठमोठ्या डॉक्टरांची परिषद. पण गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी तिथे एक वेगळे सत्र होते आणि त्या सत्राला मराठीतले प्रस्ताव चालत. पार्श्वभूमी, पद्धत, निरीक्षणे, निष्कर्ष. सगळे मिळून अडीचशे शब्द. तुझे म्हणणे साधे होते. जिथे यंत्र नाही तिथे आशाताईंनी दारात उभ्या उभ्या ही गावे म्हणवून घ्यावीत, जिचा दम लवकर उतरतो तिला वेळेत दवाखान्यात धाडावे. तू म्हणालीस, "तू भाषा बघ, मी दम बघते."

आणि मी भाषेवर थांबले नाही.

मला मंठा-जालना हा रस्ता रुक्ष वाटला. मी म्हणाले, प्रत्येकीला तिच्या माहेरची वाट विचारू. सासरपासून माहेरापर्यंतची गावे, एका श्वासात. केवढे सुंदर होईल ते. तू पेन कानामागे खोचलेस.

"वाटा सारख्या लांबीच्या नसतात गं."

"मग प्रमाण काढू. एकूण किती गावे आणि त्यांतली किती म्हटली."

तुला ते पटले, की माझा उत्साह तुझ्याने मोडवला नाही, हे मला आजवर उमगलेले नाही. पण तू वहीत नव्या रेघा ओढल्यास. त्या उन्हाळ्यात तुझ्याबरोबर फिरणारी आशाताई कांता सांगत असे, की बायका आता स्वतःहून दारात येतात. माहेरचे नाव घ्यायला कुणाला नको असते? कुणी डोळे मिटून म्हणत, कुणी पदर सावरून. वही भरली. मी प्रस्ताव लिहिला, चारचारदा वाचला, प्रत्येक वाक्याची लय तपासली. तो स्वीकारला गेला. तू वॉर्डात सगळ्यांना चहा पाजलास आणि मी कॉलेजात, कुणी विचारले नसतानाही, चारचौघांना सांगत सुटले.

मग ती एसटी आली. तू तीर्थपुरीला नातलगांकडे निघाली होतीस आणि त्याच गाडीत पार्वताबाई चढल्या. साठीच्या, मेंढरे राखण्यात अर्धे आयुष्य घालवलेल्या. सासर मंठ्याजवळ, माहेर गोदावरीकाठी शहागडला. आपल्या वहीत त्यांच्यापुढे 'पोचली' असे होते. म्हणजे छाती ठीक. म्हणजे दवाखान्यात धाडण्याची गरज नाही. त्या पार्वताबाई एसटीच्या तीन पायऱ्या चढून तुझ्या शेजारी बसल्या आणि दोन थांबे जाईपर्यंत त्यांना बोलता आले नाही. त्यांच्या नखांचा निळसर रंग तू पाहिलास. पुढे जांब गेले, कुंभार पिंपळगाव आले, आणखी एकेक थांबा येऊ लागला. तू मला हे सांगितलेस तेव्हा त्यांचा आवाज हुबेहूब काढला होतास.

"काकू, ही गावं कुठून आली? तुम्ही तर जांबाहून एकदम शहागड म्हनल्या होत्या."

"म्हनले होते की."

"मंग ही मधली?"

"माय, माहेराला जाताना मधली गावं कोन मोजतं? जल्दी पोचायचं असतं. तू वापस येतानाची वाट इचारली असती, तर एकूण एक गाव सांगितलं असतं."

तू हसलीस म्हणे. आणि मग तीर्थपुरी आली तरी उतरली नाहीस. शहागडपर्यंत गेलीस, त्यांना भावाच्या दारात बसवून, उद्या सकाळी दवाखान्यात आणायचे कबूल करून घेऊनच परतलीस.

पुढचा आठवडा तू आणि कांता पुन्हा दारोदार हिंडलात. बहुतेक सगळ्यांनी गावे गाळली होती. कुणी मुद्दाम फसवले नव्हते. माहेर ओठांवर आले, की दम संपण्याआधी तिथे पोचायचेच. अलीकडच्या वेशीत कोण थांबणार? ज्या बाया सर्वांत जास्त थकलेल्या होत्या त्यांनीच सर्वांत जास्त गावे गाळली होती. आपण त्यांना धडधाकट ठरवले होते.

तू परिषदेला प्रस्ताव मागे घेत असल्याचे लिहायला बसलीस. मी तुझ्या ओसरीत येऊन भांडले.

"अगं, हीच तर खरी गोष्ट आहे. बायका माहेरी जाताना गावे गाळतात. हेच मांड."

"ते तुझ्या पुस्तकात मांड. सुंदर हाये, मी न्हाई म्हनत न्हाई. पण मी सिस्टर आहे. ज्या बाईला दवाखान्यात न्यायची होती तिला मी घरी ठेवली."

"स्वीकारलेला प्रस्ताव कुणी मागे घेत नाही."

"मंग आपण घेऊ. कुनी तरी घेतला पाहिजे ना."

तू पत्र माझ्यापुढे धरलेस, शुद्धलेखन पाहून दे म्हणालीस. मी पत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. उठून आले. चार महिने तुझ्याशी बोलले नाही. पंप संपला तरी औषधाला दुसऱ्या दाराने गेले.

तो अबोला मोडलास तूच. एका सकाळी माझ्या फाटकाशी तू उभी. एका हातात अंगणातल्या गवती चहाची जुडी, दुसऱ्या हातात कोरी वही. "पाणी ठेव," म्हणालीस. चहा होईपर्यंत तू मंठा ते जालना असा रस्ता वहीच्या पहिल्या पानावर आखून मोकळी झाली होतीस. प्रत्येक बाई हा एकच रस्ता सांगणार. गाव गाळले, की कांता तिथेच टोकणार. आणि त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात आणून नळकांड्यातही फुंकर मारून घ्यायची, म्हणजे रस्ता खरे बोलतो की खोटे ते कळेल. मी विचारले, "एवढे सगळे पुन्हा?" तू बशीत फुंकर घालून चहा प्यायलीस. "पहिल्यांदा झालंच कुठं होतं."

त्या सकाळी मी तुला म्हणायला हवे होते, की माहेरची वाट ही कल्पना माझी होती. तुला ते ठाऊक होते. मलाही होते. पण ठाऊक असणे आणि म्हणणे यांत जे अंतर असते ते मला, शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला, ओलांडता आले नाही. मी दुसरा कप भरला.

पुढचे सहा महिने तू पुन्हा दारे ठोठावलीस. पार्वताबाईंचा पंप सुरू झाला, घरात त्यांच्यासाठी गॅसची शेगडी पुढे आली, पऱ्हाट्यांची चूल अंगणात गेली. त्या मला बाजारात भेटल्या तर लांबूनच ओरडत, "रामनगरला आले गं मॅडम." आणि मसुदा तयार झाला. त्यातले पहिले वाक्य माझे होते: चुलीच्या धुरात हरवत गेलेला श्वास आमच्या तालुक्यातील बायकांनी रस्त्यावरच्या गावांच्या नावांत शोधला, आणि ती नावे उच्चारताना त्यांच्या कंठातून जणू सारा मुलूख बोलू लागला. आणि शेवट तुझा होता: गेल्या वर्षी आम्ही प्रत्येकीला माहेरची वाट विचारली. मधली गावे गाळून बायका पोचल्या. आजारी बायका आमच्या नजरेतून सुटल्या. ही चूक पुन्हा कुणी करू नये.

त्या सोमवारी मी म्हणत होते, तुझे काढू. अपयश सांगायला अडीचशे शब्दांत जागा कुठे असते? तू म्हणत होतीस, जागा तेवढ्याचसाठी असते.

बुधवारी अखेर फाइल उघडली. माझ्या वाक्यावर तुझी पिवळी चिठ्ठी होती: 'फार छान आहे. म्हणून काढ.' मी मोठ्याने हसले, आणि ते हसू मध्येच भलतीकडे वळले. सावरून पुढची पाने उलटली, तेव्हा तळाशी ते पत्र सापडले. तुझ्या त्या मागे घेण्याच्या पत्राची प्रत, मी न वाचलेली. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहे. मी पाहिले असते तर चुकले नसते. आणि मध्यभागी, तुझ्या सरळ अक्षरात: 'माहेरची वाट विचारण्याचा बदल माझा होता. त्याची जबाबदारी पूर्णपणे माझी आहे. माझ्या सहकाऱ्यांचा यात दोष नाही.'

सुजाता, मी चार महिने तुझ्यावर रुसले होते, आणि त्या चारही महिन्यांत परिषदेच्या कुठल्या तरी कपाटात माझी चूक तुझ्या नावाने पडून होती. तू मला सांगितले नाहीस. चहाची जुडी आणलीस. मी तुझ्या जागी असते तर निदान एखादा टोमणा मारला असता. तुझा स्वभाव टोमणे मारण्यात उदार होता; या एकाच बाबतीत तू कंजूषपणा केलास.

काल शुक्रवार. दुपारी माझ्या व्हरांड्यात मी, प्रज्ञा आणि कांता लॅपटॉपभोवती बसलो. प्रज्ञाने परिषदेच्या कार्यालयात फोन करून आधीच विचारले होते. पहिल्या लेखिकेचे नाव तुझेच राहील, सादर मात्र हयात व्यक्तीने करावे लागेल. मी कांताकडे पाहिले.

"मॅडम, मला कुठं येतं स्टेजवर बोलायला? तुम्ही करा ना."

"घरोघर कोण फिरले? मी की तू?"

"फिरले मीच. पण तिथं डॉक्टर लोक असतात, काही उलटं विचारलं तर?"

"सिस्टर काय म्हणायच्या अशा वेळी?"

कांता पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "म्हनायच्या, आपलं चुकलेलं आधी सांगायचं. मंग लोक बाकीचं ऐकतात."

"मग तेवढे येईल ना सांगायला?"

"तेवढं येईल," ती म्हणाली. "चुकलं ते बिलकुल पाठ हाय मला."

मी माझे वाक्य काढले. दुखले, खोटे कशाला सांगू. ते वाक्य मी फार जपून घडवले होते. पण ते गेल्यावर मसुदा तुझ्या आवाजात बोलू लागला, मधे कुणी पडदा धरलेला नव्हता. कवितेत जे वर्षानुवर्षे शिकवले, की शब्द कमी झाला की श्वास मोकळा होतो, ते मी पहिल्यांदा स्वतःच्या वाक्यावर करून पाहिले.

त्यानंतर अर्जात एक चौकट आली. हा प्रस्ताव पूर्वी सादर केला होता का? केला असल्यास तपशील द्यावा. तिथे शब्दांची मर्यादा नव्हती. प्रज्ञा म्हणाली, "मावशी, नुसतं 'होय, मागे घेतला' असं टाकू?" मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि लिहिले, की होय, गेल्या वर्षी सादर केला होता आणि तो स्वीकारलाही गेला होता. पद्धतीत झालेला बदल सिस्टरांचा नव्हता. तो मी सुचवला होता. सिस्टरांनी शंका घेतली होती, मी ती ऐकली नाही. चूक सापडल्यावर प्रस्ताव मागे घेण्याचा निर्णय मात्र एकट्या सिस्टरांचा होता आणि त्या वेळी मी त्यांना विरोध केला होता. खाली माझे पूर्ण नाव घातले.

प्रज्ञाने ते वाचले. तुझ्यासारखीच, ओठ न हलवता. "आईच्या पत्रात दुसरंच आहे," ती हळूच म्हणाली.

"तुझ्या आईच्या पत्रात तेवढेच एक खोटे आहे."

कांताने विचारले, आता पाठवायचं का, आणि मी मान हलवली. पडद्यावर 'प्रस्ताव प्राप्त झाला' असे आले. चार वाजून काही मिनिटे झाली होती. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ व्हरांड्यापर्यंत आली, आम्ही तिघी एकामागून एक खोकलो.

निवड होईल की नाही, मला माहीत नाही. कदाचित एवढी चूक कबूल करणाऱ्यांना कुणी व्यासपीठ देणार नाही. कदाचित देतील, आणि कांता घामेजल्या हातांनी तिथे उभी राहील. जे होईल ते होवो. यातले काही मागे घ्यावे लागणार नाही, सुजाता. एवढे मात्र मी या वेळी नीट पाहून दिले आहे.